खोडरबरानं वाचवलेला पीसी

इंदूरच्या जेल रोडवरून जुने पार्ट जमवून मी गरजू मुलांना पीसी जोडून देतो. परवाचा सेट: एच६१ मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, डीडीआर३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या. बटण दाबलं की पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. बोर्ड गेला म्हणून कपाळाला हात लावला. बायको म्हणाली, "अहो, आधी पुसून तर बघा!" पट्टीचे सोनेरी दात काळवंडले होते. लेकाच्या खोडरबरानं हलके घासले, एकेक पट्टी लावून पाहिली. दुसऱ्या स्लॉटमध्ये डिस्प्ले आला! तारीख सारखी मागे जायची, म्हणून बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारा ३ व्होल्टचा बटणसेल बदलला. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तेवढा नवाच घेतला, तिथं कंजुषी नाही.