व्यापारी राजदूताचे चरित्र कसे लिहावे

कोकणातल्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी जहाज कंपनीतून पुढे अमेरिकेतील भारताचे राजदूत झालेल्या गगनविहारी लल्लूभाई मेहता यांचे चरित्र लिहायचे असेल, तर सुरुवात वॉशिंग्टनपासून न करता बोटीपासून करावी. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले इथल्या जुन्या माणसांनी आगबोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहिलेली आणि उतारू बोचकी सावरत पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरताना पाहिलेले आहेत; किनारी वाहतूक कोणाच्या हाती असावी हा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागत नाही. मेहता गुजराती कुटुंबातले, कोकणातले नव्हेत, हे मात्र स्पष्ट लिहावे.

त्यानंतर सिंदिया या भारतीय जहाज कंपनीकडे वळावे. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी उभारलेल्या या कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली आणि तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणले आणि 1923 च्या कराराने तिला किनारी मालवाहतुकीपुरते बांधून टाकले. मेहतांनी याच कंपनीच्या कोलकात्याच्या कचेरीत अनेक वर्षे काम केले. लेखाचा निम्मा भाग इथेच खर्च करावा, कारण बलाढ्य पक्षाशी बोलणे न तोडता आपला मुद्दा लावून धरण्याची तालीम त्यांना याच धंद्यात मिळाली, असे मी मानतो.

1942 मधील ‘फिक्की’ या भारतीय व्यापारी-उद्योजकांच्या महासंघाचे अध्यक्षपद, संविधान सभा, आयात शुल्काचा विचार करणारे टॅरिफ बोर्ड आणि नियोजन आयोग यांचा उल्लेख एका परिच्छेदात उरकला तरी चालेल.

अमेरिकेतील राजदूतपदाचा काळ 1952 ते 1958 असा आहे. त्यातले दोन प्रसंग निवडावेत. अमेरिकेने 1954 मध्ये पाकिस्तानला लष्करी मदत देऊ केल्यावर भारताची नाराजी त्याच देशाच्या राजधानीत बसून मांडणे किती अवघड होते, ते सांगावे. दुसरा प्रसंग ऑगस्ट 1955 मधला, ह्यूस्टन विमानतळावरचा. तिथल्या उपाहारगृहात वर्णभेदाच्या नियमावर बोट ठेवून त्यांना वेगळ्या खोलीत बसायला सांगण्यात आले आणि पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांना खेद व्यक्त करावा लागला. हा प्रसंग विशेषणे न लावता, घडला त्या क्रमाने लिहावा. वाचकाला येणारा संताप त्याचा स्वतःचा असू द्यावा.

शेवटी, मायदेशी परतल्यावर ते उद्योगांना कर्ज पुरवणाऱ्या आयसीआयसीआय या संस्थेचे अध्यक्ष झाले, म्हणजे पुन्हा उद्योगाच्या भांडवलाकडे वळले, एवढे नोंदवून 1974 मधील त्यांच्या निधनाशी लेख थांबवावा.