टॉम अँड जेरी, लूनी ट्यून्सचे डीव्हीडी-ब्लू-रे सेट घेताय? या चुका टाळा

टॉम अँड जेरी म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना कार्टून नेटवर्कच आठवतं, त्यामुळे ही टीव्हीसाठी बनवलेली मालिका आहे असंच डोक्यात बसलंय. खरं तर या फिल्म्स एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने थिएटरसाठी काढल्या होत्या, मेन पिक्चरच्या आधी मोठ्या पडद्यावर दाखवायला, सात-आठ मिनिटांच्या. वॉर्नर ब्रदर्सच्या लूनी ट्यून्सचंही तेच. पुढे टीव्हीला विकताना, व्हिडिओवर आणताना, डीव्हीडी काढताना दर वेळी काहीतरी कापलं गेलं नाहीतर बदललं गेलं. म्हणून नुसतं 'कुठलं कार्टून' बघून भागत नाही, 'कुठली प्रिंट', म्हणजे त्याची कुठली आवृत्ती, हे बघावं लागतं, आणि लोक नेमके इथेच फसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कव्हरवर 'कम्प्लीट' लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेणं. हिशोब असा आहे: टॉम अँड जेरीचे मूळ दिग्दर्शक हॅना आणि बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ मध्ये ११४ फिल्म्स केल्या, मग १९६१-६२ ला जीन डाइचने प्रागमध्ये १३, आणि १९६३ ते ६७ मध्ये चक जोन्सने ३४, म्हणजे थिएटरच्या एकूण १६१. स्वस्त पॅकमध्ये यात बऱ्याचदा १९७५ ची टीव्ही मालिका मिसळलेली असते. जेरीच्या गळ्यात लाल बो टाय दिसला आणि दोघं मित्र असल्यासारखे वागायला लागले की समजायचं, हे थिएटरचं नाही. उलट सुरुवातीला निर्माता म्हणून फ्रेड क्विम्बी हे नाव आलं (लहानपणी वाचता येत नसतानाही ते नाव आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलं होतं!) की तो सोन्यासारखा काळ.

आणि चांगल्या कंपनीचा सेट आहे म्हणून पूर्णच असेल असंही नाही. २०११ ला आलेल्या गोल्डन कलेक्शन ब्लू-रेच्या पहिल्या भागात ३७ फिल्म्स होत्या, ओळीने, छान. दुसरा भाग २०१३ ला यायचा होता पण त्यातून 'माऊस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' या दोन वगळल्या होत्या, कारण त्यात काळ्या लोकांची टिंगल करणारे प्रसंग आहेत, त्यावर संग्राहकांनी आवाज उठवला आणि तो भाग आलाच नाही. सगळ्या ११४ एकत्र असलेला ब्लू-रे संच यायला २०२५ उजाडलं. माझं मत विचाराल तर असे प्रसंग कापू नयेत, कारण इतिहास जसा होता तसाच दिसायला हवा, पण घरात लहान मुलं असतील तर आधी आपण बघून घ्या आणि मग त्यांच्याबरोबर बसा.

आता जे बिघाड नसतातच त्याबद्दल. लोक डिस्क परत करायला निघतात आणि डिस्कमध्ये काहीच खराब नसतं. पहिल्याच फिल्ममध्ये मांजराला टॉम नाही, जॅस्पर म्हणतात, ते बरोबर आहे, १९४० ला त्याचं नाव तेच होतं. डाइचच्या फिल्म्समध्ये आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो, तोही मुळातच तसा आहे, स्पीकरच्या वायरी हलवत बसू नका. 'एकच गोष्ट दोनदा आलीय' ही तक्रार तर फार कॉमन आहे. 'द लिटल ऑर्फन' आणि 'फीडिन द किडी' बघा, थँक्सगिव्हिंगचं तेच जेवण, तेच छोटं भुकेलं उंदराचं पिल्लू. पहिली १९४९ ची, चौकोनी पडद्याची, ऑस्कर मिळालेली, दुसरी १९५७ ला सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठी परत केलेली. दोन्ही हव्यातच! आणि बग्स बनी वगैरेंच्या काही फिल्म्समध्ये सुरुवातीला निळी रिबन दिसते आणि ॲनिमेटरची नावंच नसतात, ते वॉर्नरने पुन्हा थिएटरला लावताना मूळ टायटल्स काढून टाकल्यामुळे.

टीव्हीचं सेटिंग मात्र घरोघरी चुकलेलं असतं. पन्नाशीच्या दशकाआधीची सगळी कार्टून्स जवळपास चौकोनी पडद्याची, त्यामुळे आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूला काळे पट्टे यायलाच हवेत, ते घालवायला 'फुल' किंवा 'झूम' दाबलं की एकतर सगळे जाडे होतात नाहीतर टॉमचे पाय कापले जातात. लूनी ट्यून्सच्या सुरुवातीला जी रंगीत वर्तुळं येतात तिथे पॉज करा. वर्तुळ गोल दिसलं तर सेटिंग ठीक, अंड्यासारखं आडवं दिसलं तर रिमोट घ्या आणि ४:३ किंवा 'ओरिजिनल' करा. सिनेमास्कोपच्या फिल्मला पट्टे वर-खाली असणार, आणि नसतील तर बाजूचं चित्र कापलेली प्रिंट तुमच्या गळ्यात मारली आहे.

मला सगळ्यात जास्त जीव तुटतो तो आवाजाच्या बाबतीत. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सने चालते, आपल्याकडची आणि युरोपातली पाल (इथल्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडी २५ ने, त्यामुळे सात मिनिटांची फिल्म जवळपास १७ सेकंद आधी संपते आणि बहुतेकदा सूर जवळजवळ अर्धा स्वर वर चढतो. 'द कॅट कन्सर्टो' लावा, टॉम पियानोवर संगीतकार फ्रान्झ लिस्टची दुसरी हंगेरियन रॅप्सडी वाजवतो ती, कान तयार असेल तर लगेच खटकतं. कॉम्प्युटरवर बघत असाल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये स्पीड ०.९६ करा आणि ऑडिओचं टाइम-स्ट्रेचिंग बंद करा, स्पीडबरोबर सूरही जागेवर येतो. ब्लू-रेवर हा प्रश्न सहसा येत नाही.

चित्र तपासायचं असेल तर पळापळीच्या सीनमध्ये एकेक फ्रेम पुढे न्या. एका फ्रेममध्ये दोन-दोन फिकट टॉम दिसले आणि मागची भिंतसुद्धा डबल दिसली तर अमेरिकन टेपवरून घाईत केलेलं कन्व्हर्जन आहे, ते घरी दुरुस्त होत नाही. पण भिंत स्वच्छ आहे आणि फक्त पात्रच लांबलचक ताणलेलं किंवा चार-चार पायांचं दिसतंय तर ते ॲनिमेटरने हाताने तसं काढलंय, वेग दाखवायला, चक जोन्सच्या १९४२ च्या 'द डोव्हर बॉइज'मध्ये अशा फ्रेम्स बघून थक्क व्हाल. तसंच टॉमच्या मिशा बघा. हलताना मिशांच्या रेषा तुटत असतील किंवा गायब होत असतील तर कॉम्प्युटरने धूळ काढता काढता शाईची रेषाही पुसलीय. फिल्मचे थोडे दाणे, थोडी धूळ असलेली प्रिंट त्यापेक्षा शंभर पटीने बरी.

रंगीत म्हणजे चांगलं हाही एक गैरसमज. १९३३ पासूनचे पॉपायचे बहुतेक सुरुवातीचे चित्रपट ब्लॅक अँड व्हाइट होते, ऐंशीच्या दशकात त्यातले बरेच ट्रेस करून रंगवले गेले, त्यात मूळ हालचालीची लय गेली. ब्लॅक अँड व्हाइटच घ्या.

नातेवाइकांकडून अमेरिकेहून डीव्हीडी मागवताना मागच्या बाजूला पृथ्वीच्या चित्रातला आकडा बघा, तो रीजन, म्हणजे ती डिस्क कुठल्या भागातल्या प्लेयरसाठी आहे ते. तिकडचा १, आपला ५. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये रीजन पाचच वेळा बदलता येतो, नंतर तो कायमचा लॉक, तेव्हा उगाच खेळू नका.

शेवटचं, जुने सेट घेणाऱ्यांसाठी. २००६ ते २००८ मध्ये छापलेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी कितीही जपल्या तरी आतूनच खराब होतात, कंपनीनेही २०२५ ला ते मान्य केलंय, आणि लूनी ट्यून्स, पॉपाय, टॉम अँड जेरीचे बरेच सेट याच काळातले. डिस्क वरून चकचकीत दिसते, पहिल्या चार फिल्म्स नीट चालतात आणि मग डिस्कच्या दुसऱ्या लेयरवर (थरावर) गेली की अडकते. म्हणून सेकंड हँड घेताना मेन्यू उघडला म्हणजे झालं असं समजू नका. घरी आल्या आल्या प्रत्येक डिस्क शेवटपर्यंत चालवा, नाहीतर कॉम्प्युटरवर सगळी कॉपी करून बघा, आणि हे परत करायची मुदत संपायच्या आत करा.