व्हीलचेअर वाटून झाली, पुढे काय? गावपातळीवरच्या पुनर्वसनात या चुका टाळा

शिबिर होतं, फोटो निघतात आणि काही महिन्यांनी व्हीलचेअरवर पापडांची वाळवणं दिसू लागतात. साहित्य वाटणं सोपं. ते माणसाला जुळवून देणं आणि नंतर घरी जाऊन बघणं मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. समाजाधारित पुनर्वसन, म्हणजे दिव्यांगांना त्यांच्या गावातच उभं करण्याचं काम, गळपटतं ते इथेच.

सगळ्यांना एकाच मापाची खुर्ची

माप घेताना माणसाला टणक बाकावर सरळ बसवा. बैठकीची रुंदी नितंबांच्या सर्वांत रुंद भागाइतकी हवी. जास्त झाली की माणूस एका बाजूला कलतो आणि चाकांपर्यंत हात नीट पोचत नाहीत. बैठक किती खोल हवी हे ठरवायला नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत मोजा आणि त्यातून ३ ते ६ सेंमी वजा करा. बैठक त्याहून खोल असली तर कड गुडघ्यामागे रुतते, म्हणून माणूस पुढे घसरून बसतो. फूटरेस्ट फार वर असेल तर मांड्या उचलल्या जातात आणि सगळा भार बसण्याच्या हाडांवर येतो.

मणक्याला इजा झालेल्याला अनेकदा कमरेखाली दुखलेलं कळत नाही. त्याला गादीशिवाय खुर्ची देऊच नका. दर २०-३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका बाजूला झुकून भार हलवायला शिकवा. घरच्यांनी रोज बसण्याची जागा तपासावी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का, हे हाताने पाहावं. लागली तर त्या जागेवर बसणं बंद, आणि आरोग्य केंद्र गाठा. जखम उघडी पडल्यावर भरायला महिने जातात.

‘ब्रेक बिघडला’ म्हणून खुर्ची कोपऱ्यात गेली असेल, तर आधी हवा भरा. बऱ्याच खुर्च्यांचा ब्रेक टायरलाच दाबून धरतो, टायर मऊ असला की तो निसटतो.

उतार की घसरगुंडी?

प्रमाण १:१२, म्हणजे जितकी उंची त्याच्या बारापट लांबी. ओटा ४५ सेंमी उंच असेल तर उतार ५.४ मीटर लांब लागतो. जागा नाही म्हणून दोन मीटरमध्ये उरकला, तर एकट्याने चढणं विसरा. सिमेंट ओलं असतानाच खराटा ओढून पृष्ठभाग खरबरीत करा, नाहीतर पावसाळ्यात घसरणारच. आणि दारातला उंबरठा तसाच राहिला तर सगळा खर्च पाण्यात.

श्रवणयंत्र शिट्टी मारतं

यंत्र बहुधा ठीक असतं. मूल वाढतं तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो. नवा साचा करून घ्या, कानातला मळ तपासून घ्या. झिंक-एअर बॅटरीचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती यंत्रात घाला.

कागद आणि पैसा

लहान मुलांचं दिव्यांग प्रमाणपत्र अनेकदा मुदतीचं असतं. यूडीआयडी कार्डावरची (दिव्यांगांच्या ओळखपत्रावरची) तारीख नोंदवहीत लिहून ठेवा, मुदत संपल्यावर धावपळ नको.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो वर्षअखेरीस घाईने वस्तू वाटून संपवतात. आराखडा ठरवणाऱ्या ग्रामसभेआधीच गावातल्या दिव्यांगांची बैठक घ्या. तिथे आईला ‘याला काय हवंय?’ असं विचारू नका, त्यालाच विचारा. बोलता येत नसेल तर चित्रं, खुणा, हवा तेवढा वेळ द्या. कुणाला शेळ्या हव्या असतील, कुणाला शौचालयाचं दार ९० सेंमी रुंद करून हवं असेल. ठराव नावानिशी आणि रकमेनिशी लिहून घ्या, त्याची प्रत दिव्यांगांच्याच गटाकडे राहू द्या.