गल्फला निघताय? आधी शेवटचं पान, मग छाती

सौदीतल्या दम्मामला चौदा वर्षं पाइप फिटर होतो, आता खेडला घरीच असतो. गावातली पोरं कागद घेऊन ओटीवर येतात. एजंटाने घातलेला घोळ निस्तरायला येण्याऐवजी, बाबांनो, पैसे देण्याआधी या.

पासपोर्टचं शेवटचं पान उघडा. तिथे 'ईसीआर' (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) छापलंय? म्हणजे दहावी पास असल्याचा कागद तुम्ही दिलेला नाही. मग सौदी, कुवेत, ओमान धरून 18 देशांत नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. कायदा 1983 चा आहे. दहावी झाली असेल तर सर्टिफिकेट लावून पासपोर्ट नव्याने काढा, शिक्का जातो. 2018 च्या जानेवारीत अशा लोकांना नारिंगी पासपोर्ट द्यायचं घाटत होतं. ओरड झाली आणि महिनाअखेर बेत गुंडाळला. नाहीतर शाळा सुटलेला माणूस लाइनीत लांबूनच ओळखू आला असता.

आता एक्स-रे. गल्फची मेडिकल 'वाफिद' या वेबसाइटवर नाव घालून ठरलेल्या सेंटरलाच होते, आपल्याकडे तिला अजून जुन्या नावाने 'गामका'च म्हणतात. रक्तही तपासतात, पण पोरं अडकतात ती छातीच्या फोटोवर. टीबी लहानपणी होऊन बरा झालेला असला तरी डाग राहू शकतो, आणि डागाला अनफिट. शेजारच्या मुलाने फिल्म माझ्या खिडकीत उजेडाला धरली. उजव्या बाजूला वर, नखाएवढा पांढरा ठिपका. "काका, मी रोज खाडीपर्यंत धावतो हो!" धावतोस रे, पण तिकडे फिल्म बघतात. एजंटाला दिलेले साठ हजार गेलेच. कायद्याने तो 30,000 आणि वर जीएसटी, एवढंच घेऊ शकतो. म्हणून आधी इथेच, आपल्या डॉक्टरकडे, आपल्या पैशाने फोटो काढा.

"व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे कामाच्या व्हिसात बदलून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या वाटेने मंजुरी नाही, म्हणून प्रवासी भारतीय विमाही नाही. अपघाती मृत्यूला त्यात 10 लाख मिळतात, दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये.

ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर एजंटाचा परवाना चालू आहे का बघा. करारातला पगार आणि तोंडी सांगितलेला पगार शेजारी शेजारी लिहा. पोचल्यावर इकाम्यासाठी (तिथल्या राहण्याच्या परवान्यासाठी) पुन्हा मेडिकल असते, त्यात अनफिट ठरलात तर परतावं लागेल, तेव्हा परतीच्या तिकिटाचे पैसे घरी बाजूला ठेवून निघा.