मेटलायझिंग मशीनचा पीएलसी प्रोग्रॅम लिहायचाय? आधी व्हॉल्व्ह, मग स्क्रीन

चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांच्या हेडलॅम्पचे रिफ्लेक्टर चकचकीत करणारी व्हॅक्यूम मेटलायझिंगची मशिनं आहेत (हवा काढलेल्या चेंबरमध्ये पार्टवर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवणारी), त्यातलं एखादं जुनं मशीन रिले पॅनेलवरून पीएलसीवर (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर) घ्यायचं काम आलं की नवीन पोरं पहिल्यांदा स्क्रीन काढायला बसतात, चेंबरचं चित्र, फिरणारे पंप, रंगीत पाइप. तसं करू नका. आधी कागद घ्या आणि प्रत्येक व्हॉल्व्हसमोर लिहा की हा कधी उघडायचा नाही. प्रोग्रॅमचा जीव त्या कागदात आहे, बाकी सगळं नंतर होतं.

साधारण मशीन असं असतं: रोटरी पंप, त्यावर रूट्स पंप, आणि शेवटी डिफ्यूजन पंप. रोटरीने हवा ओढायला घेतली की १० मिलीबारच्या आसपास रूट्स चालू करायचा (नक्की आकडा तुमच्या पंपाच्या मॅन्युअलमधून घ्या), ०.०५ मिलीबारला रफिंग व्हॉल्व्ह (चेंबर आणि रोटरी-रूट्समधला) बंद करून हायव्हॅक व्हॉल्व्ह (चेंबर आणि डिफ्यूजन पंपामधला) उघडायचा आणि तिथून पुढे डिफ्यूजन पंपाने ०.०००५ मिलीबारपर्यंत न्यायचं. आता डिफ्यूजन पंपात तेल उकळत असतं, त्या गरम तेलावर हवा गेली की तेल जळतं, त्याची वाफ उलटी चेंबरमध्ये येते आणि मग पार्टवर ॲल्युमिनियम धरत नाही, टेप लावून ओढली की पापुद्रा निघतो. म्हणून हायव्हॅकसमोर सगळ्यात लांब यादी असणार: चेंबर ०.०५ च्या खाली, बॅकिंग लाइनचं (डिफ्यूजन पंपाच्या मागची, रोटरीकडे जाणारी) प्रेशर ठीक, पंप पूर्ण गरम, पाण्याचा फ्लो चालू, दार बंद, व्हेंट (चेंबरमध्ये हवा सोडणारा व्हॉल्व्ह) बंद, रफिंग बंद. आणि बंद म्हणजे आउटपुट ऑफ केला म्हणून बंद नव्हे, व्हॉल्व्हच्या लिमिट स्विचने बंद सांगितलं तरच बंद. कॉम्प्रेसरची हवा कमी पडली की व्हॉल्व्ह हलवणारा सिलिंडर अर्ध्यात अडकतो आणि पीएलसीला वाटतं झालं काम.

गेजबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. पिरानी गेजचा (व्हॅक्यूमचं प्रेशर मोजणारा सेन्सर) ० ते १० व्होल्टचा सिग्नल सरळ रेषेत नसतो, लॉगमध्ये असतो. आम्ही वापरतो त्यात व्होल्टेजमधून ५.५ वजा करायचे आणि उरेल तो दहाचा घात, तेवढे मिलीबार. म्हणजे ८.५ व्होल्टला १०००, ५.५ व्होल्टला १, साधारण ४.२ व्होल्टला ०.०५. कोणी सरळ ० ते १००० असं स्केल केलं तर १ मिलीबारला स्क्रीनवर ५५० दिसतं, ती चूक निदान लगेच कळते. खरी भीती वेगळीच आहे. गेजची वायर सुटली की ० व्होल्ट येतो, आणि त्याच फॉर्म्युल्यात ० घातला की उत्तर येतं ०.०००००३ मिलीबार, म्हणजे एक नंबर व्हॅक्यूम! माझ्या मशीनवर नेमकं हेच झालं, कनेक्टर ढिला होता, रफिंग नुकतंच चालू झालं होतं, पीएलसीने व्हॅक्यूम झाला समजून हायव्हॅक उघडला. चेंबरच्या भिंतींवर तपकिरी चिकट थर बसला, आख्खा पंप उतरवून धुवावा लागला. तेव्हापासून मी ०.५ व्होल्टच्या खाली किंवा ९.५ च्या वर सिग्नल गेला की गेज फॉल्ट धरतो आणि सगळे व्हॉल्व्ह बंद करतो. शिवाय प्रेशर सलग ५ सेकंद सेटपॉइंटच्या खाली राहिलं तरच पुढची स्टेप, नाहीतर काठावर आकडा नाचतो आणि व्हॉल्व्ह उघडझाप करत बसतो.

प्रोग्रॅम स्टेपमध्येच लिहा, थांबलेलं, रफिंग, हायव्हॅक, कोटिंग, व्हेंट, आणि एका वेळी एकच स्टेप. प्रत्येक स्टेपला टाइमआउट हवाच. रफिंगला रोज ८ मिनिटं लागतात आणि आज १५ झाली तर कुठेतरी लीक आहे किंवा पार्ट ओले आहेत. लीक बघायला एक वेगळं बटण द्या: सगळे व्हॉल्व्ह बंद, ६० सेकंद थांबायचं, प्रेशर किती चढलं ते मोजायचं. २००० लिटरच्या चेंबरमध्ये मिनिटात ०.००९ मिलीबार चढलं तर २००० गुणिले ०.००९ भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ०.३ मिलीबार-लिटर. हा आकडा रोज सकाळी चेंबर रिकामा आणि कोरडा असताना लॉग करा, दाराचं रबर खराब व्हायला लागलं की तो हळूहळू वाढताना दिसतो.

कोटिंगच्या रेसिपीत फिलामेंटला (ॲल्युमिनियम तापवणारी टंगस्टनची तार) एकदम पूर्ण पॉवर देऊ नका. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, ते आधी तारेवर नीट पसरू द्यायचं, मग पॉवर वाढवायची. घाई केली की थेंब खाली पडतो. किती टक्के पॉवर आणि किती सेकंद हे काचेतून बघूनच ठरवा. प्रत्येक फिलामेंटचा करंट मोजा, एक तुटला की लगेच कळतं, नाहीतर एका बाजूचे पार्ट काळे निघाल्यावर कळणार.

लाईट गेली की काय होईल हे लिहायला विसरू नका, आपल्याकडे ते होणारच. सगळे व्हॉल्व्ह स्प्रिंगने आपोआप बंद होणारे घ्या आणि लाईट आल्यावर मशीन स्वतःहून चालू होता कामा नये, ऑपरेटरने बघून स्टार्ट दाबायचं. पंपाचं थर्मोस्टॅट, दाराचा स्विच, इमर्जन्सी स्टॉप हे सगळं वायरिंगनेच तोडा, पीएलसीवर सोडू नका. मॅन्युअल मोडमध्येही इंटरलॉक (कागदावर लिहिलेल्या त्या अटी) तसेच राहू द्या, बहुतेक नुकसान रात्रपाळीत मॅन्युअलमध्येच होतं.

स्क्रीन आता करा. अलार्म मराठीत लिहा. "अलार्म ४७" वाचून ऑपरेटर फोन करतो, "पाण्याचा फ्लो नाही, चिलर बघा" वाचून तो चिलरकडे जातो. आणि दहा अलार्म एकदम आले तर पहिला कुठला आला तो वर वेगळा दाखवा.

मशीनला जोडण्याआधी टेबलावर टेस्ट घ्या. गेजच्या जागी १० व्होल्टच्या सप्लायवर एक पॉट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा रेझिस्टर) लावा, लिमिट स्विचच्या जागी साधे टॉगल, आणि पॉट हळूहळू फिरवत पूर्ण सायकल चालवा. मग मध्येच पॉटची वायर उपटा, फ्लो स्विच पाडा, एखादा व्हॉल्व्ह उघडलाच नाही असं करा, प्रत्येक स्टेपमध्ये. मला या टेस्टला दोन दिवस लागतात आणि मी ते दोन दिवस कोटेशनमध्ये धरतो. शेवटी प्रोग्रॅमचा बॅकअप कस्टमरकडे द्या आणि इनपुट-आउटपुटची प्रिंट प्लास्टिकच्या पाउचमध्ये घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.