टर्बो पेट्रोल गाडीला खालच्या आरपीएमला पिकअप पाहिजे? टायमिंग असं बसवा

मांजरसुंब्याच्या घाटात पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या की टर्बो पेट्रोल गाडीचं दुखणं बरोबर कळतं. थर्ड टाकला की आरपीएम येतो १५०० वर, पाय दाबला तरी गाडी उचलत नाही आणि बूस्ट (टर्बोनं इंजिनात कोंबलेल्या हवेचं प्रेशर) येईपर्यंत ओव्हरटेकची जागा निघून गेलेली असते. मग कुणीतरी सांगतं, टायमिंग दोन डिग्री पुढं घे, म्हणजे स्पार्क तेवढा लवकर पाड, गाडी पळंल. हे अर्धंच खरं आहे, कारण खालच्या आरपीएमला टायमिंग कुठं पुढं घ्यायचं आणि कुठं हातच लावायचा नाही हे माहीत नसलं तर पिस्टनची रिंगलँड (रिंगा बसतात त्या खाचांमधली कड) तुटते आणि इंजिन खोलायची वेळ येते.

आधी मुद्दा समजून घ्या. स्पार्क पडल्यावर पेट्रोल एकदम भडकत नाही, जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचायच्या आधीच स्पार्क द्यावा लागतो. सिलेंडरमधलं सगळ्यात जास्त प्रेशर पिस्टन वरून खाली वळल्यावर साधारण १२ ते १६ डिग्रीला आलं तर क्रँकला पूर्ण जोर मिळतो. सायकलचं पायडल बरोबर वर असताना कितीबी दाबा, चाक फिरत नाही, थोडं पुढं गेलं की मग जोर लागतो, तसंच हे. ज्या टायमिंगला सगळ्यात जास्त टॉर्क मिळतो त्याला ट्यूनर लोक एमबीटी म्हणतात, त्याच्या पुढं नेलं तर पॉवर वाढत नाही, फक्त प्रेशर आणि उष्णता वाढते.

टर्बोची अडचण अशी की बूस्ट आला की बहुतेक वेळा एमबीटीपर्यंत जाताच येत नाही, आधी नॉकिंग येतं, म्हणजे मिक्स्चर आपोआप पेटून इंजिन कडकडतं. आणि खालच्या आरपीएमला नॉकिंगचा धोका जास्त, कामून की इंजिन हळू फिरतंय, कोपऱ्यात न जळलेल्या मिक्स्चरला तापून आपोआप पेटायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून २००० आरपीएमला फुल बूस्टवर कंपनीच्या मॅपमध्ये (ईसीयू म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या टायमिंगच्या तक्त्यात) टायमिंग लई कमी दिसतं, कधी कधी एक आकडीच. ते बघून कंपनीनं गाडी मुद्दाम मारून ठेवली असं समजू नका.

डिझेलवाल्यांनी हे स्वतःच्या गाडीला लावू नये, डिझेलला स्पार्कच नसतो, तिथं इंजेक्शन टायमिंगचा वेगळा हिशोब आहे.

लॅपटॉप उघडायच्या आधी गाडी निरोगी पाहिजे. प्लग काढून बघा, पोर्सलीनवर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर नॉकिंग आधीपासूनच चालू आहे. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा, बऱ्याच टर्बो गाड्यांना ०.७ ते ०.८ मिमी असतो, जास्त झाला तर बूस्टमध्ये मिसफायर येतो आणि माणूस उगाच टायमिंगला दोष देतो. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज आणि क्लँप बघा, होज फाटलेला असंल तर टायमिंग कितीही हलवा, खालचा जोर येणार नाही. आणि इंटरकूलरच्या फिन्समधली माती धुवा, आपल्याकडं काळ्या मातीच्या रस्त्यांनी आणि उन्हाळ्याच्या वावटळीनं त्या पार बुजून जातात.

आता लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या रीडिंगची नोंद, काढा. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर आणि मोबाईल एवढ्यावर सुरुवात होते. आरपीएम, मॅप (हा टायमिंगचा तक्ता नव्हे, इंटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचं प्रेशर), इंटेक टेंपरेचर आणि टायमिंग अ‍ॅडव्हान्स हे चारच पीआयडी (स्कॅनरवरची रीडिंगं) निवडा, जास्त निवडले की रीडिंग सावकाश येतं आणि मधलं काही दिसत नाही. इंजिन बंद, चावी ऑन ठेवून आधी मॅप बघा. समुद्रकाठी १०१ किलोपास्कल असतं, छत्रपती संभाजीनगरात उंचीमुळं ९४-९५ च्या आसपास दिसतं. बूस्ट मोजताना हाच आकडा वजा करा, १०० धरून चालू नका. नॉक रिटार्डचा पीआयडी प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो मिळाला तर लई उत्तम, कारण ईसीयू किती डिग्री मागं ओढतोय ते त्यातच कळतं.

स्टँडअलोन ईसीयू (कंपनीचा काढून वेगळा बसवलेला) असंल तर आधी टायमिंग १० डिग्रीला लॉक करा आणि टायमिंग लाईटनं पुलीवर खरंच १० दिसतंय का बघा. स्क्रीनवर १० आणि क्रँकवर १४ असं असलं तर पुढचं सगळं काम वाया. कंपनीच्याच ईसीयूमध्ये नवी फाईल टाकणार (फ्लॅश करणार) असाल तर हे लागत नाही, पण ओरिजिनल फाईल वाचून दोन ठिकाणी सेव्ह करा, मगच पुढं जा.

टायमिंगच्या मॅपमध्ये कुठं हात घालायचा? माझं स्पष्ट मत असं की खालच्या पिकअपची सगळ्यात सुरक्षित कमाई बूस्ट यायच्या आधीच्या खणांत आहे, म्हणजे १२०० ते १८०० आरपीएम आणि मॅनिफोल्ड प्रेशर ६० ते ९५ किलोपास्कल. इथं नॉकिंगचा धोका कमी आणि बऱ्याच इंजिनांत एमबीटीला अजून जागा असते. एकेक डिग्री वाढवा, प्रत्येक वेळी टॉर्क बघा. समजा ८ वरून ९ केलं आणि टॉर्क चांगला वाढला, १० ला थोडाच वाढला, ११ ला तेवढाच राहिला, तर ९ किंवा १० वर थांबा. शेजारचे खणही त्याच मानानं सारखे करा, एका खणात १० आणि बाजूला ४ असं ठेवलं तर गाडी झटके मारती.

बूस्टच्या खणांत मात्र एमबीटी शोधायच्या भानगडीत पडू नका. नॉकिंगची पहिली खूण जिथं दिसंल तिथून २-३ डिग्री मागं या आणि तिथंच सोडा. हे काम डायनोवरच (गाडी रोलरवर पळवून टॉर्क मोजायच्या मशीनवर) करा, पुण्याला जावं लागलं तरी जा, कारण तिथं इंजिन एका आरपीएमवर लोड देऊन धरता येतं. रस्त्यावर, त्यातही समृद्धीवर, शेजारी लॅपटॉपवाला बसवून फुल पाय दाबून गाडी पळवू नका. कानानं नॉकिंग ऐकायचं असंल तर तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकच्या बोल्टखाली धरायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती इअरमफमध्ये घालायची, कडकड आवाज इतका स्वच्छ येतो की एकदा ऐकलं की ओळख पटते.

काही जण बूस्ट लवकर यावा म्हणून मधल्या खणांत टायमिंग उलट मागं घेतात. एक्झॉस्ट जास्त गरम होतो, टर्बाईनला जास्त एनर्जी मिळते, लॅग कमी होतो हे खरं. पण तेवढा वेळ टॉर्क पडतो आणि टर्बो तापतो, त्यामुळं रोजच्या गाडीला मी तरी हे करायला सांगणार नाही.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये सोडणाऱ्या गाड्यांच्या) एलएसपीआय नीट समजून घ्या. खालच्या आरपीएमला फुल लोड दिला की कधी कधी स्पार्कच्या आधीच मिक्स्चर पेटतं, बहुतेकदा ऑइलच्या बारीक थेंबामुळं, आणि ते टायमिंग मागं घेऊन थांबत नाही. उपाय म्हणजे एपीआय एसपी ग्रेडचं ऑइल, आणि १५०० च्या खाली वरच्या गिअरमध्ये फुल पाय न दाबणं. ट्यून कितीही भारी असली तरी घाटात गिअर उतरवायचा कंटाळा करू नका.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर ई२० मिळतं, त्याचा ऑक्टेन ९५ आरओएन धरलाय, म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत जुन्या पेट्रोलपेक्षा चांगलंच. पण इथेनॉलमुळं हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं, म्हणून वाइडबँडवर (हे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर) तो आकडा न बघता लॅम्ब्डा बघा, त्यात कुठल्याही पेट्रोलला योग्य प्रमाण म्हणजे १. जुनी गाडी ई२० साठी बनलेली नसंल तर फ्युएल पुरतंय का ते आधी तपासा, लीन (पेट्रोल कमी पडून) चाललेल्या गाडीचं टायमिंग पुढं घ्यायचं नाही.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: दिवाळीच्या थंडीत बसवलेला मॅप मे महिन्यात टिकंलच असं नाही. नांदेड-परभणीकडं पारा ४२-४३ ला जातो, सिग्नलला उभं राहून इंटेक टेंपरेचर ६० च्या वर चढतं आणि त्याच हवेत तुम्ही पाय दाबता. म्हणून शेवटचं लॉगिंग भर उन्हाळ्यात दुपारी दोनला, एसी चालू ठेवून करा. ईसीयूमधलं इंटेक टेंपरेचरचं करेक्शन टेबल शून्य करून पॉवर दाखवणारे ट्यूनर असतात, त्यांच्या हातात गाडी देऊ नका. नॉक रिटार्ड वारंवार ३ डिग्रीच्या वर दिसला तर त्या खणातून २ डिग्री काढा आणि परत लॉग करा.

रिमॅपनं कंपनीची वॉरंटी जाऊ शकते, इन्शुरन्सवालाही क्लेमच्या वेळी अडवू शकतो, त्यामुळं वॉरंटीतल्या गाडीला प्लग, होज, इंटरकूलर आणि चांगलं ऑइल एवढंच करून बघा, मग पाहिजे तर पुढचं ठरवा.