चेन्नईचा संगीत हंगाम: आधी रस्ता ठरवा, मग गायक

डिसेंबरच्या मध्यापासून चेन्नईत एकाच वेळी अनेक सभांमध्ये, म्हणजे संगीतसंस्थांच्या सभागृहांत, कर्नाटक संगीताच्या मैफली असतात. आवडत्या नावांमागे धावलं की आठवडा रिक्षातच जातो.

१. मुक्काम मैलापूर किंवा आळवारपेटला. म्युझिक अकॅडमी आणि नारद गान सभा या दोन मोठ्या सभा एकाच टी. टी. के. रोडवर आहेत.

२. दिवसाला दोनच मैफली: दुपारची, बऱ्याच ठिकाणी विनातिकीट, आणि संध्याकाळची, साधारण अडीच तासांची. मोठ्या नावांची तिकिटं आधीच काढा.

३. जेवायला सभेचंच कँटीन. केळीच्या पानावरच्या जेवणाला रांग लागते, तेव्हा बाराच्या सुमारास पोहोचा. डोसा-कॉफी मैफलीआधीच उरका. मृदंगाचं तनी आवर्तनम्, म्हणजे मैफलीतलं तालवाद्याचं एकल वादन, सुरू झालं की निम्मे श्रोते कँटीनकडेच वळतात, आणि ऐकण्यासारखं तर ते वादनच असतं!

एसी कडक असतो, शाल जवळ ठेवा.